वामन, बळी आणि विज्ञानकथा : धम्मशिक्षणाच्या दृष्टीने

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले, हे तेथील बेसाल्ट खडकाच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. स्थलपुराण मात्र येथे विष्णूने लवणासुराचा वध केल्याचे सांगते. गावातील दैत्यसूदन मंदिराचे नाव त्याच कथेचे आहे. अशा परिसरातील मुलांना विज्ञानकथेच्या आधारे धम्मविचार शिकविता येईल काय? आमच्या मते येईल. मात्र कथेचीही चिकित्सा झाली पाहिजे.

उदाहरणार्थ, दिवंगत डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी पाहू. उत्खननात एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते व त्यातून ‘वामन’ हा यंत्रमानव घडतो. प्राचीनांना सर्व विज्ञान अवगत होते, या वृथा अभिमानास येथे खतपाणी मिळू शकले असते. तसे होत नाही. ती संस्कृती पूज्य म्हणून उभी केलेली नाही. तिचा विनाश तिच्याच निर्मितीतून झाला. दैवी हस्तक्षेपावाचून कारणातून कार्य उद्भवते, हा पटिच्चसमुप्पादाचा विचार शिकविण्यास हे कथानक उपयुक्त आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनास कपटी आक्रमक व बळीस प्रजाहितदक्ष राजा म्हणून पाहिले. नारळीकरांचा वामनही संकटच आहे. परंतु ते संकट साऱ्या मानवजातीवरचे. पुराणातील वामनाच्या पावलाखाली नेमके कोण दडपले गेले, हा कादंबरीचा विषय नाही. वामन येतो, बळी येत नाही. ही उणीव शिक्षकाने वर्गात चर्चेला घ्यावी. त्याच ओघात लोणारचा प्रश्नही विचारता येईल : ‘असुर’ हे नाव कोणी, कोणास दिले?

येथे आपणही सावध असावे. लवणासुर हा आपला राजा होता, असे पुराव्यावाचून सांगणे म्हणजे एका पुराणाच्या जागी दुसरे पुराण ठेवणे होय. पाली साहित्यातील लोकधातूंचे वर्णन म्हणजे आजच्या दीर्घिकाच, असा दावाही त्याच जातीचा. अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात परंपरा, ग्रंथ आणि गुरू यांपैकी कोणाचेही वचन केवळ अधिकारामुळे ग्राह्य मानलेले नाही. ही कसोटी पुराणास, कादंबरीस आणि आपल्या विहारातील प्रवचनासही सारखीच लागू आहे.