खेळण्यांची भाषा

गेल्या हिवाळ्यांत सणसर येथें धाकट्या भावाच्या घरीं ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट हायडेफिनिशन प्रतींतून पुन्हां पाहण्याचा योग आला. बाहेर भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते आणि आंत सारें कुटुंब टीव्हीपुढें बसलें होतें.

संपूर्णपणें संगणकावर रचलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जॉन लॅसेटर यांनीं दिग्दर्शित केलेली ही कृति २२ नोव्हेंबर १९९५ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाली. अँडी नांवाच्या मुलाचा लाडका जुना बाहुला वुडी आणि वाढदिवसाला घरांत आलेला नवा, ऐटबाज अवकाशवीर बझ, यांच्यांतील मत्सर व पुढें जडलेलें सख्य, एवढेंच कथानक.

इतक्या लखलखीत प्रतीची मला प्रथम धास्तीच वाटली. नाटकांतले पडद्यावरचे राजवाडे बत्तीच्या प्रकाशांत शोभतात, दिवसाउजेडीं नव्हे! परंतु खेळण्यांचें कांहींच बिघडलें नाहीं. वास्तविक या चित्रपटाच्या मूळ चौकटी १५३६ × ९२२ ठिपक्यांच्या, म्हणजे आजच्या १९२० × १०८० च्या पडद्याहूनहि लहान. तरी बझच्या शिरस्त्राणावर पडलेली खोलीची छाया आजहि खरी वाटते. उघडीं पडतात तीं माणसें. अँडीचा चेहरा मेणाचा भासतो. शेजारच्या सिडचा कुत्राहि तसाच. त्या काळच्या संगणकास प्लॅस्टिक साधे, त्वचा व केस साधत नसत. लॅसेटर यांच्याच ‘टिन टॉय’ (१९८८) या लघुपटास ऑस्कर मिळालें, पण त्यांतील तान्हें मूल आज बघवत नाहीं. हा धडा घेऊन त्यांनीं माणसें कथेच्या कडेला ठेवलीं व खेळण्यांना नायक केलें. आपल्या हत्याराची मर्यादा ओळखून विषय निवडणें ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या प्रतींत इंग्रजी व हिंदी असे दोन ध्वनिपट होते. बटण दाबतांच वुडी भाषा बदली. एकाच चित्रपटाच्या दोन भाषा आम्हांस नव्या नाहींत. ‘प्रभात’नें ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. तेथें भाषेबरोबर कधीं कधीं नटहि बदले. ‘शेजारी’ (१९४१) मधील केशवराव दाते यांची भूमिका हिंदी ‘पडोसी’त मजहर खान यांनीं केली. येथें तशी सोय नाहीं. टॉम हँक्स यांचा आवाज आधीं मुद्रित झाला व त्याबरहुकूम वुडीचा जबडा हलविला गेला. त्याच उघडझापेंत हिंदी वाक्यें कोंबावीं लागतात. त्यामुळें कांहीं ठिकाणीं वुडी एस.टी. सुटायला आल्यासारखा बोलतो. भांडणाच्या प्रसंगांत मात्र हिंदी चांगली रंगते, हें कबूल केलें पाहिजे.

माझ्या वृद्ध आईला दोहोंपैकीं एकहि भाषा धड कळत नाहीं. आठ वर्षांचा पुतण्या तिला मधूनमधून कथा सांगत होता. टीव्हीवरील जाहिरात पाहून बझला आपलें खरें स्वरूप उमगतें, तरीहि तो उडूं पाहतो, कोसळतो व त्याचा हात निखळतो. या ठिकाणीं पोर गप्प झालें.

“काय झालं रे त्याला?” आईनें विचारलें.

तो जरा अडखळला. “त्याला कळलं, आजी, की आपण नुसतं खेळणं आहोत.”

आईनें पदर डोळ्यांना लावला. बझच्या दुःखाचें याहून सरळ भाषांतर मीं त्या दोन्ही ध्वनिपटांत ऐकलें नाहीं, आणि तिसरा, मराठी ध्वनिपट असता तर तें आईला थेट बझच्याच तोंडून ऐकतां आलें असतें. ऐकणारे घर भरून बसलेले असतां आपल्या भाषेला त्यांत जागा नसावी, याची मला मनापासून खंत वाटली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत पुतण्याचे मातीचे बैल भांडत होते; तेंहि हिंदींतून.

“अरे, हे बैल आपल्याच गोठ्यातले ना?” ओट्यावरून आईनें विचारलें.

“हो आजी,” तो म्हणाला, “पण भांडताना ते हिंदीच बोलतात.”