प्रतीक्षेचे चरित्र

नारपोलीपासून फार दूर नसलेल्या वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांचे चरित्र आपल्याकडे बहुधा घाईने नागासाकीच्या क्रुसापाशी पोहोचते. मधली वर्षे एका वाक्यात संपतात. आमच्या मते हाच त्या लेखनाचा उणेपणा होय. जपानात ते येशूसंघीयांचे धर्मशिक्षक होते. इतरांना संघात प्रवेश मिळाला, त्यांना नाही. पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. परंतु त्या प्रतीक्षाकाळातच जपानी भाषा त्यांच्या जिभेवर रुळली. म्हणूनच १५९३ साली फ्रान्सिस्कनांचे दुभाषी होऊन ते परतले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी रक्तसाक्षी ठरले. पाचारणाची वाट पाहणाऱ्या आपल्या तरुणांना हुतात्म्याइतकाच ताटकळलेला गोन्सालोही हवा आहे. चरित्रकाराने तेथे थांबावे.