खड्डे मोजायचे की पाणी?

तामिळनाडूनं २००३ मध्ये इमारतमालकांना पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं. कायदा यशस्वी झाला, असं आपण सर्रास लिहितो. पुरावा काय, तर नंतर चेन्नईतलं भूजल वर आलं. पण थांबा! २००५ मध्ये तिथं धो धो पाऊस पडला होता. मग विहिरी कायद्यानं भरल्या की पावसानं? हे वेगळं न करता काढलेला निष्कर्ष कच्चाच. २०१९ मध्ये तलाव आटले म्हणून कायदा फसला म्हणणंही तितकंच घाईचं. शिवाय गाळानं बुजलेला शोषखड्डाही यादीत ‘खड्डा’ म्हणूनच मोजला जातो, पाणी मात्र जिरत नाही. तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी ठरवा: तुम्ही खड्डे मोजणार आहात की जिरलेलं पाणी?