‘मोरितुरी’ : मरणाच्या अलीकडचे रूप

ग्लॅडिएटरांच्या नेहमीच्या मुजऱ्यातला शब्द म्हणून ‘मोरितुरी’ प्रसिद्ध आहे. जुन्या ग्रंथांत मात्र तो मुजरा एकाच प्रसंगी भेटतो : इ.स. 52, फुकिनुस सरोवरावरील नौकायुद्ध; लढणारे देहदंडाचे कैदी.

‘मोर्तुउस’ म्हणजे मेलेला. ‘मोरितुरुस’ हे भविष्यवाचक कर्तरी धातुसाधित, संस्कृत ‘मरिष्यत्’सारखे; त्याचे अनेकवचन ‘मोरितुरी’. मराठीत सर्रास ‘मरणारे’ करतात. मला ते पटत नाही. ‘मरणारे’मध्ये निकाल लागलेला आहे, ‘मोरितुरी’त मरण येऊन ठेपले आहे, घडलेले नाही. त्या फटीतूनच सम्राट क्लॉडियसने ‘नाहीही’ असे सुचवले. कैद्यांनी ती माफी मानून लढण्यास नकार दिला. अखेर त्यांना धाक घालून, चुचकारून लढवावे लागले.

म्हणून ‘मरू घातलेले’ म्हणावे. त्यात सुटकेची आशा शिल्लक राहते.