अर्जदार आणि जामीनदार

त्याचं असं झालं. मे महिन्यात आमचा भाचा मुंबईहून आजऱ्याला आला. घनसाळचा भात, वर तूप, असं जेवण झाल्यावर माणसानं आडवं व्हावं की नाही? पण यानं माझ्या कानाशी मोबाईल धरला.

"मामा, रॅप ऐका. मराठी पण आहे त्यात."

"अरे, आमचा कॅशियर वीस वर्षं श्वास न घेता नोटा मोजून दाखवतोय. त्याला कुणी सिनेमात घेतलं नाही."

"यांनाही लगेच नाही घेतलं," भाचा म्हणाला.

'स्वदेसी' हे त्या मंडळींचं नाव. २०१३च्या सुमारास मुंबईत जमलेली पोरं. ज्याची जी बोली तीत तो बोलणार. मराठी, हिंदी, गुजराती सगळं. सिनेमाची पायरी चढायला २०१९चा 'गली बॉय' उजाडला. सहा वर्षं! आमच्या बँकेत एवढ्या काळात टेबलसुद्धा बदलत नाही. पण पगार चालू असतो, हा फरक मी भाच्याजवळ कबूल केला.

सिनेमातलं ते 'इंडिया ९१' ऐकलं. मृदंगाचे बोल झकास. बाकी प्रकार निरोप समारंभासारखा. प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि नेमका रंग भरताना पुढच्याचं नाव पुकारतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच', आत्ता कुठे आला म्हणेपर्यंत गेला.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं हल्ली सभेत सांगतात. मला ते पटत नाही. शाहीर दुसऱ्याचं गातो. रॅपवाले बहुतेक स्वतःचंच गातात. मी असा, मी तसा! अर्जदारानं स्वतःच जामीनदार म्हणून सही केल्यासारखं. असं कर्ज आम्ही मंजूर करत नाही.

मग भाच्यानं यांचंच 'वारली रिव्होल्ट' लावलं. हेही २०१९चं. आणि मी उठून बसलो. इथं 'मी' बाजूला. विषय आरेचं जंगल, आणि माईक तिथल्याच प्रकाश भोईरांच्या हातात. घरच्या माणसाचा तो आवाज, त्यात कमावलेलं काही नाही. आजऱ्याच्या माणसाला जंगल समजावून सांगावं लागत नाही; आमच्याकडे हत्ती येऊन ऊस खाऊन जातो. तरी वाटलं, हे आपण का नाही म्हटलं कधी? नाव ऐकून गोदावरी परुळेकर आठवल्या, १९४५चा वारल्यांचा लढा आठवला. गाण्यानं झाडं वाचली म्हणता येत नाही. त्याच ऑक्टोबरात कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली. पण सिनेमातल्यापेक्षा हे गाणं कितीतरी पक्कं. यश तिकडून आलं, आणि माल इकडे होता!

"यातला गुजरातीत म्हणणारा कोण रे? त्या सिनेमातल्या गाण्यात होता बघ."

"टोडफोड. धर्मेश परमार. २०२२ साली गेला, मामा. चोविसाव्या वर्षी."

माझ्या लेकाचं वय तेवढंच. स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, चहा टाकू का? मी म्हटलं, टाक. आणि भाच्याला म्हटलं, "पुन्हा लाव बरं."

"कुठलं?"

"ते जंगलाचं."