थकवा नावाचा एकच शब्द

विषय व्यायामाचा आणि बोलायला उभे तत्त्वज्ञानाचे मास्तर, याचं थोडं आश्चर्य वाटेल. पण शब्द तपासणं हेच आमचं काम. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग विसावा, पुन्हा मेहनत. या पद्धतीविषयी बोलताना 'थकवा' हा शब्द फार ढिलाईने वापरला जातो, ही आमची तक्रार आहे.

आपल्या बोलीत ही ढिलाई नाही. दम लागतो, पाय भरून येतात, अंग ठणकतं, माणूस गळून जातो. इथल्या, वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या पायऱ्या वीस वेळा चढून-उतरून बघा. दम लागतो तो चढताना. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या मात्र मुख्यतः उतरल्यामुळे, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. दम पाच मिनिटांत बसतो, ठणका दोन-तीन दिवस राहतो. मग दोन्हीला एकच नाव का द्यायचं?

'लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं म्हणून स्नायू थकतो' हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. लॅक्टेट तर स्नायू आणि हृदय इंधन म्हणून वापरतात! जोरकस मेहनतीत क्रिएटिन फॉस्फेट खर्ची पडतं, सुटं फॉस्फेट साठतं, पोटॅशियम पेशीबाहेर येतं, आणि आकुंचनाला लागणारं कॅल्शियम पुरेसं सुटत नाही. विसाव्यात क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरू लागतं. सरावाने मायटोकाँड्रिया वाढतात, हे भरणं लवकर होतं. कबड्डीतला चढाईपटू बघा. ३० सेकंदांची चढाई, मग उभं राहणं, पुन्हा चढाई. त्याला हाच थकवा लांबवायचा असतो, आणि तिथे ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. एवढा दावा आम्हाला पूर्ण मान्य.

आता 'चार मिनिटांत तंदुरुस्ती' ही घोषणा घेऊ. तिचं मूळ जपानच्या इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या निबंधात आहे. २० सेकंद सायकल, १० सेकंद विसावा, अशा सात-आठ फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पण पाचपैकी एका दिवशी अर्धा तास मध्यम गतीची सायकलही होती, आणि करणारे तरुण आधीच खेळातले होते. हे घोषणेतून गळालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या प्रयोगात थकवा कशाला म्हटलं? पायडलची गती मिनिटाला ८५ फेऱ्यांखाली गेली की थांबायचं. ठीक आहे, मोजायला काहीतरी लागतंच. पण हा त्या क्षणाचा थकवा झाला. उद्याचं काय, ते या आकड्याला विचारता येत नाही.

उद्याचं उत्तर २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी दिलं. हौसेने व्यायाम करणाऱ्यांना त्यांनी ३० सेकंदांच्या सहा जोरदार फेऱ्या करायला लावल्या. म्हणजे मेहनत उणीपुरी तीन मिनिटं. २४ तासांनी त्यांच्या स्नायूंत कॅल्शियम सोडणाऱ्या दारांचे तुकडे पडलेले दिसले. कसलेल्या खेळाडूंत तसे दिसले नाहीत. कॅल्शियमची ही गळतीच बहुधा स्नायूला सुधारायला भाग पाडते, असं त्यांचं म्हणणं. मग ती सुधारणा व्हायला वेळ द्यायला नको का? दोन फेऱ्यांमधला विसावा सगळे घड्याळ लावून मोजतात, दोन दिवसांमधला कुणी मोजत नाही.

हे इथे सांगायचं कारण पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. मोबाइलवरचे गुरुजी सांगतात, रोज जीव तोडून पळा, थकवा हा मनाचा खेळ आहे. मेंदू हात आखडता घेतो हे खरंच, अगदी थकव्याचा एक भाग तिथेही घडतो. पण तुटलेली दारं निश्चयाने जुळत नाहीत. आणि आपली पोरं पहाटे पळून दिवसभर कापूस वेचतात किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेतात. सकाळचा दम केव्हाच बसलेला असतो, म्हणून त्यांना वाटतं आपण ताजेतवाने आहोत.

जोरदार पळणं आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, मध्ये एक दिवस हलकं, असा साधा हिशेब ठेवता येतो. वेचणीच्या दिवसांत तेही जमेलच असं नाही, तेव्हा जोरदार दिवसांतला एक खुशाल गाळावा.

आता प्रश्न घेऊ. पळणाऱ्या मुलींनी आधी विचारा, मागच्या रांगेतून कुजबुज केव्हाची ऐकू येते आहे.