अर्पणपत्रिकेनंतरची गुलामगिरी

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले. काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, ही त्यामागची तळमळ. आपल्याकडील समीक्षक या अर्पणपत्रिकेचा आदराने उल्लेख करतात आणि तेथेच थांबतात. जणू अमेरिकेतले काम पुरे झाले होते आणि जोतीरावांनी त्याची पोच दिली!

वस्तुस्थिती निराळी आहे. १८७३ साली तेथे पुनर्रचनेचा झगडा ऐन भरात होता. १८६५ च्या घटनादुरुस्तीने दास्य संपले, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. काळे प्रतिनिधी विधिमंडळांत बसू लागले. आणि त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांनी काळ्यांची कत्तल केली. १८७७ साली दक्षिणेतील केंद्रीय फौजांचे संरक्षण काढून घेण्यात आले. दुभंगलेला देश सांधला गेला तो असा: दोन्हीकडच्या गोऱ्यांचे मनोमीलन झाले, किंमत काळ्यांनी मोजली.

मूळ दुखणे जमिनीचे. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मनच्या हुकुमाने किनारपट्टीची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवली गेली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत देण्याचा मार्ग मोकळा केला. हातची बेडी तुटली, पायाखाली जमीन आली नाही. कालचा गुलाम मालकाच्याच शेतात कर्जबाजारी वाटेकरी झाला.

बाबासाहेबांनी हा पुढचा इतिहास वाचला होता. काँग्रेस व गांधींच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात, काळ्यांना मुक्तीनंतर कसे वाऱ्यावर सोडले गेले ते अस्पृश्य विसरू शकत नाहीत, असे त्यांनी परकीय वाचकांना बजावले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, आणि हे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. जोतीरावांनी मुक्तीपासून स्फूर्ती घेतली. बाबासाहेबांनी तिच्या विश्वासघातापासून धडा घेतला. ही दोन्ही वाचने आपल्याला लागतात.

आपली समीक्षा मात्र एकाच वाचनावर भागवते. म. ना. वानखडे यांनी अमेरिकन काळ्यांच्या वाङ्मयाकडे आपले लक्ष वेधले. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले. तेव्हापासून तुलना चालते ती विद्रोहाची आणि भाषेची. मुक्तीचा कायदा झाल्यावर माणसाच्या हाती काय उरले, हा प्रश्न तुलनेत येतच नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच प्रश्नासाठी. आपल्या कथा-कवितांत त्यांना किती जागा मिळाली?

गावी जमीन नाही म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आलेला माणूस कळव्यात रुळांलगत घर बांधतो. २०२२ साली रेल्वेने तेथील रहिवाशांना जागा सोडण्याच्या नोटिसा दिल्या. त्याच्यापाशी मत आहे, नागरिकत्व आहे. घराखालची जमीन नाही. शर्मनच्या हुकुमाची गोष्ट त्याला समजावून सांगावी लागणार नाही. ती आपल्या समीक्षकांना सांगावी लागते. त्यांनी ‘गुलामगिरी’ पुन्हा उघडावी आणि अर्पणपत्रिकेपुढील चार वर्षांचा इतिहास शेजारी ठेवून वाचावी.